नोकरी नको, बातमी छापा

मोर्च्यात शिरले की आमच्या पेपराचे ते फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे, "पक्की का कच्ची?"

समोर अंगणवाडीची बाई असो, दवाखान्यातली सफाई कामगार असो, नाहीतर बुटीबोरीच्या बंद पडत चाललेल्या कारखान्यातला फिटर असो, प्रश्न तोच. नोकरी पक्की असेल, म्हणजे कायम, तर म्हणायचे, "मंग पाहा इकडे अन् ओरडा जोरात." कच्ची असेल, म्हणजे कंत्राटी, मानधनाची, ठेकेदाराकडची, तर नुसतं बोट गोल फिरवायचे. "वळा तिकडे." आणि त्या माणसाच्या पाठीचा फोटो काढायचे.

लोक चिडायचे. चिडणारच. पहाटेची एसटी धरून आलेला माणूस, तासन् तास उन्हात उभा, आणि पेपरवाला येऊन त्याची पाठ काढतो. उमरेडकडचा एक खाणकामगार एकदा त्यांच्या अंगावर गेला होता. माझं तोंड काय एवढं खराब आहे का, म्हणाला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तोंड चांगलं आहे म्हणूनच सांगून राहिलो. ठेकेदारालेही आवडन."

मी त्याच पेपरात डेस्कवर होतो. अजूनही आहे. शहराची पानं लावतो. संध्याकाळी त्यांचे फोटो माझ्यासमोर यायचे आणि माझं डोकं तापायचं. वेण्या, दुपट्टे, ब्लाउजवर घामाचे नकाशे, खांद्यावर डब्याच्या पिशव्या. चेहरा एक नाही. मी म्हणायचो, वाचकाला चेहरा लागतो हो. ते म्हणायचे, "वाचकाले लागते का तुले लागते, कैचीमास्तर?"

कैचीमास्तर हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मी फोटो कापतो म्हणून. ऑफिसात हळूहळू सगळेच म्हणायला लागले, शिपायासकट.

हा पाठीचा नियम त्यांना कुठून मिळाला ते त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. मला छापखान्यातल्या जुन्या मशीनमनकडून कळलं. तरुणपणी त्यांनी एका कारखान्याच्या गेटवरचा फोटो काढला होता. कंत्राटी कामगारांचा संप, मुठी वर, सगळे चेहरे काचेसारखे स्वच्छ. पहिल्या पानावर छापला. त्या फोटोला कसलंसं बक्षीसही मिळालं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस गेटवर खुर्ची टाकून बसला, मांडीवर आमचा पेपर. एकेक कामगार येत होता, हा पेपरात बघत होता, मग त्याच्या तोंडाकडे बघत होता. तुझा फोटो लय छान आला गा, म्हणायचा, आता घरी जाऊन बायकोले दाखव. बक्षिसाची ती पितळी बाहुली पुढे त्यांच्या घरी दाराला लावलेली असायची. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

त्यांच्या घरी मी दोनचारदाच गेलो असेन. भिंतीवर त्यांनी काढलेला एकही फोटो नव्हता. एकच चौकट होती, तीही दुसऱ्या कोणी काढलेल्या फोटोची. मिलमध्ये कोणी मोठा पाहुणा आलेला, त्याच्या गळ्यात हार, मालक हसतायत, मॅनेजर हसतायत. डाव्या कडेला एक कोपर. "हा माझा बाप," ते सांगायचे आणि कोपरावर बोट ठेवायचे. वडिलांनी आयुष्य त्या मिलमध्ये काढलं, मिल बंद झाली, वडीलही गेले. कामावर असतानाचा वडिलांचा एवढाच फोटो. मी पहिल्यांदा हसलो. मग ते हसत नाहीत असं दिसलं.

त्यांच्या तऱ्हा अनेक होत्या, आणि प्रत्येकीमागे कुठेतरी राग होता. तो राग मला फार उशिरा दिसला. आधी मी त्यांना विक्षिप्त म्हणून मोकळा व्हायचो.

निवेदन देतानाचा फोटो ते काढायचेच नाहीत. नेता वाकून कागद देतोय, मंत्री तो कागद धरून कॅमेऱ्याकडे बघतोय. हा तर लग्नातल्या आहेराचा फोटो, म्हणायचे. पाकिटात काय आहे ते कोणीच पाहत नाही. रडणाऱ्या बाईचा फोटो काढायचे नाहीत. जेवणाऱ्याचा नाही. उलट मोर्च्यात डबे उघडले की कॅमेरा पिशवीत टाकून तेही बायकांच्या घोळक्यात बसायचे आणि भाकर-ठेचा खायचे. घोषणांवर त्यांचं फार बारीक लक्ष. एखादी घोषणा लांबलचक असली तर पुढाऱ्यालाच गाठायचे, ही घोषणा एसी हॉलमध्ये लिहिली का, चालता चालता दम लागून राहिला बायांले. दोनदा तरी त्यांनी चालू मोर्च्यात घोषणा दुरुस्त केल्याचं मला माहीत आहे.

आणि ते कधीही पोलिसांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. नागपुरात डिसेंबरात अधिवेशन भरलं की महाराष्ट्रभरातून मोर्चे येतात, आणि विधानभवनाच्या बरंच आधी रस्त्यावर लोखंडी कठडे लावून पोलीस ते अडवतात. सगळे फोटोग्राफर कठड्याच्या पलीकडे, पोलिसांमध्ये, दुभाजकावर चढून उभे असतात. तिथून मोर्चा समोरून येताना दिसतो, बॅनर वाचता येतो, धक्काबुक्की झाली तर अंगावर येत नाही. बंदोबस्तावरचे अधिकारी ओळखीने हाका मारायचे, साहेब इकडून या, इकडून चांगला येते. हे आत राहायचे, गर्दीत, घामात. तिकडून काढलेला फोटो पोलिसाच्या डोळ्याचा असते, म्हणायचे. म्हणून त्यांच्या फोटोंत लोकांच्या डोक्यांच्या मधून लोखंड दिसायचं, काठ्या दिसायच्या, आणि पलीकडे झाडून काढलेला रिकामा रस्ता.

एकदा कामाच्या निमित्ताने मला त्यांचे जुने फोटो चाळावे लागले. सुरुवातीच्या काळातले मोर्चे बघितले. चेहरेच चेहरे. कापड गिरणीवाले, वीजवाले, पालिकावाले, शिक्षक. सगळे कॅमेऱ्यात बघून ओरडतायत. जसजसा अलीकडे येत गेलो तसे चेहरे विरळ होत गेले. एका फोटोत निम्मे वळलेले, निम्मे समोर. मग चारपाच म्हातारे समोर, बाकी पाठी. आणि गेल्या काही वर्षांत तर फक्त पाठी. माणूस बदलला नव्हता, त्याचा प्रश्नही बदलला नव्हता. उत्तरं बदलली होती. हे सगळं माझ्या हातून रोज छापून गेलं होतं आणि मी मात्र चेहरा नाही म्हणून त्यांच्याशी भांडत बसलो होतो.

त्यांचा नियम मोडलेला मी एकदाच पाहिला. एका सरकारी दवाखान्यातल्या मावशींचा मोर्चा होता. आपल्याकडे वॉर्डात काम करणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. बेडपॅन देणाऱ्या, स्ट्रेचर ढकलणाऱ्या, मेलेल्या माणसाला आंघोळ घालणाऱ्या बायका. खर्चात कपात करायची म्हणून त्यांच्या जागा मृत संवर्ग ठरवल्या होत्या. सरकारी मराठीत असे शब्द असतात. बाई जिवंत, काम जिवंत, रोगी तर रोज येतात, फक्त जागा मेलेली. मेलेल्या जागेवर ठेकेदाराकडून अर्ध्या माणसांत तेच काम करून घ्यायचं. त्या दिवशी मीही बर्डीच्या बाजारात काही कामाने गेलो होतो आणि त्यांच्यासोबत चालत होतो.

पुढे एक पन्नाशीची मावशी होती. आवाज असा की माईक लाजावा. यांनी विचारलं, पक्की का कच्ची. ती म्हणाली, कच्ची. यांनी बोट फिरवलं.

"मी नाही वळत भाऊ," ती म्हणाली. "जल्मभर पाठच दाखवली मी. डॉक्टर आले, व्हा बाजूले. नातेवाईक भांडून राहिले, व्हा बाजूले. आज तोंडच काढा."

"मावशी, उद्या काढून टाकतीन ना तुम्हाले."

"उद्याची कायले वाट पाहता? आज सकाळीच काढलं. आता कोण काढते मले?"

बाकीच्या बायका खो खो हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा वर घेतला आणि तिचा समोरून फोटो काढला. बोट रोखलेलं, दात दिसतायत, कपाळाची शीर फुगलेली. संध्याकाळी तो फोटो त्यांनी स्वतः माझ्याकडे आणून दिला. खाली तिचं पूर्ण नाव टाकायचं, तिनेच सांगितलंय, असं बजावलं.

मी तो लावला नाही. संपादकसाहेबांना दाखवला, ते म्हणाले, फार अंगावर येतो. त्याच मोर्च्यात एका वार्ताहराने मोबाइलवर एक फोटो काढला होता, पदराने डोळे पुसणारी एक बाई. तो लागला. मथळा मीच दिला, 'अश्रूंचा बांध फुटला'. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. पेपर माझ्यासमोर पसरला.

"रडते ती बाई तुले पाह्यजे, चिडते ती नको. काहून गा? चिडलेली बाई चहासोबत जात नाही?"

मी काहीतरी पानाच्या रचनेबद्दल बोललो. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या पेपराचा फोटो विभाग बंद झाला. बंद झाला असं म्हणणं खोटं आहे. बंद केला. आम्ही सगळेच काही वर्षांपूर्वी पक्क्याचे कच्चे झालो होतो. करारावर सह्या केल्या होत्या, मीही केली होती, आणि बायकोला सांगितलं होतं की नुसता कागदोपत्री बदल आहे. आता मुंबईहून एक गुळगुळीत तरुण आला. त्याने खर्चाचं सुसूत्रीकरण हा शब्द इतक्या वेळा वापरला की शेवटी आमचा एक कारकूनही तो वापरायला लागला. हल्ली प्रत्येक वार्ताहराकडे मोबाइल आहे, संघटना स्वतःच फोटो पाठवतात, मग वेगळे फोटोग्राफर कशाला, असा हिशेब.

त्याआधी संपादकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. फोटोग्राफर नसले तर पानं निघतील का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, निघतील. एक शब्द. मला कोणी धमकावलं नव्हतं. चहा समोर होता. मी विचारसुद्धा केला नाही, आणि केला असता तरी बहुतेक तेच म्हणालो असतो, कारण पुढचा प्रश्न डेस्कवर किती माणसं लागतात हा असू शकला असता.

बाकीच्यांनी राजीनामे लिहून दिले. यांनी लिहून दिला नाही, आणि भांडलेही नाहीत. सरळ केबिनमध्ये गेले आणि विचारलं, याची बातमी कोण करून राहिलं? साहेबांना कळेना. ते म्हणाले, दवाखान्यानं माणसं काढली, आपण छापलं. एसटीवाले रस्त्यावर आले, छापलं. शाळा बंद केल्या, छापलं. आता आपण काढून राहिलो, तं आपली छापा. साहेब हसले. साहेबांना ते खरोखर विनोदी वाटलं, आणि खरं सांगायचं तर बाहेर उभं राहून ऐकणाऱ्या आम्हालाही.

कारण पेपरवाल्यांची एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी माणूस ती शिकतो. पेपराने पेपरवाल्यांची बातमी छापायची नाही. आपली तर नाहीच, दुसऱ्याचीही नाही. समोरच्या पेपराने पन्नास माणसं घरी पाठवली तर आपण गप्प, उद्या आपण पाठवली तर तो गप्प. शहरातल्या सगळ्या मालकांचं एकमेकांशी हाडवैर असतं, जाहिरातीसाठी एकमेकांचे गळे धरतात, पण या एका बाबतीत सगळे सख्खे भाऊ. सगळ्या जगाचे मोर्चे छापणाऱ्या धंद्यात आपल्या माणसांच्या मोर्च्याला जागा नाही. आणि ती रीत पाळतो कोण? मालक पानं लावत नाहीत. आम्ही लावतो.

डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं. स्टेडियमजवळ, जिथे धरण्यांचे मंडप लागतात, तिथे त्यांनी रीतसर परवानगी काढून एक मंडप टाकला. चार बांबू, वर एक जुनी चादर, खाली सतरंजी. त्यात ते एकटे. मागे कापडावर पेपराचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि हातात पुठ्ठ्याचा फलक, 'नोकरी नको, बातमी छापा'.

लोक थांबून वाचायचे आणि गोंधळायचे. त्यांना सगळ्यांना नोकरी हवी होती. हा कोण शहाणा? ते शांतपणे सांगायचे. नोकरी परत दिली तरी ते उद्या पुन्हा काढतील. पण काढलं हे एकदा छापावं लागलं, तर पुढच्या वेळी काढताना हात कापेल. बस, एवढंच. एका ओळीची बातमी.

शहरातले सगळे फोटोग्राफर त्यांच्याकडे येऊन गेले. कितीतरी जण त्यांच्याच हाताखाली शिकलेले. पाया पडायचे, चहा आणायचे, वेगवेगळ्या बाजूंनी त्यांचे फोटो काढायचे. इतक्या प्रेमाने काढलेले फोटो मी फार कमी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी एकाही पेपरात एकही नसायचा.

मी गेलो नाही. ऑफिसला जायचा माझा रस्ता तिथूनच होता, तो मी बदलला. मग एका दुसऱ्या पेपराच्या फोटोग्राफरने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, सोबत ओळ, आमच्याकडे लागणार नाही, तुमच्याकडे पहा. तुमच्याकडे! त्या फोटोत ते मंडपात बसलेले, मागचं कापड, फलक, सगळं स्वच्छ. मी बराच वेळ बघत बसलो. आणि मग मला वाटलं की आपण काहीतरी करायला पाहिजे.

मी तो आतल्या पानावर लावला, विविध धरण्यांच्या फोटोंच्या ओळीत. मागचं कापड दिसू नये म्हणून वरून कापला. फलक दिसू नये म्हणून खालून कापला. राहिले ते, छातीपासून वर. ओळ लिहिली, 'अधिवेशनकाळात विविध मागण्यांसाठी शहरात धरणे सुरू आहेत'. पान गेलं. मला खरंच वाटत होतं की मी धाडस केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेपर घेऊन मी मंडपात गेलो. लहान पोरासारखा गेलो, शाबासकी घ्यायला. शेजारच्या मंडपात दवाखान्याच्या मावशी होत्या, तीच ती आवाजवाली पुढे बसलेली. यांनी पेपर उघडला आणि फोटो आधी कारागिरासारखा पाहिला, लांब धरून, मग जवळ.

"वरून कापला. खालून कापला," ते म्हणाले. "कोणाच्या विरोधात बसलो ते नाही. कायले बसलो ते नाही. मंग मी इथं काय ऊन खात बसलो?"

मी म्हणालो, एवढं तरी आलं. बाकी कोणी तेवढंही छापलं नाही.

"बाकीच्यायनं नाही छापलं, तं मी आहो तसा राहिलो. तू छापलं अन् मले भिकारी केलं."

मावशीने पेपर मागून घेतला, फोटो पाहिला आणि म्हणाली, "मले वाटलं वारल्याची जाहिरात आहे."

थोड्या वेळाने ते संत्रं सोलता सोलता सहज म्हणाले, पानं निघतीन असं तू म्हणाला म्हणे. मी मान हलवली. त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं. "खरंच निघून राहिले गा. मी रोज पाहतो."

यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात मावशी उठायला लागल्या. त्यांचा मोर्चा विधानभवनाकडे निघायची वेळ झाली होती. हेही उठले. पेपर नव्हता, नोकरी नव्हती, फोटो कुठे छापायचा ते माहीत नव्हतं, तरी पिशवीतून स्वतःचा जुना कॅमेरा काढून गळ्यात घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मंडप रिकामा दिसला की पोलीस काढून टाकतात. इथं सगळे एकमेकांची जागा धरतात. आज शेजारचेही चालले, मीही चाललो. तू बस. फलक माझ्या हातात दिला. जाता जाता मावशी म्हणाली, "साहेब, आमचंही पाहजा जरा," आणि दोन मंडप माझ्यावर सोपवून सगळी गर्दी घोषणा देत निघून गेली.

मी बसलो. मागे माझ्याच पेपराचं नाव, हातात फलक, अंगात ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी ऑफिसातल्या कोणाची तरी आहे असं वाटत होतं. एक हवालदार आला. त्याने विचारलं, किती जण? मी म्हणालो, एक. मागणी काय? मी फलक वर केला. त्याने सावकाश वाचला, मग माझ्या शर्टाकडे पाहिलं, खिशातल्या पेनांकडे पाहिलं.

"मंग टाका ना छापून," तो म्हणाला. "तुम्हीच तं पेपरवाले दिसता."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं की अडचण काय आहे. मला त्याचा भयंकर संताप आला, आणि मग कळलं की संताप त्याचा नाही.

कठड्यांकडे धावत चाललेले फोटोग्राफर मला पाहून थबकले. एकाने कॅमेरा उचलला. दुसऱ्याने उचलला. मी फलक खाली केला नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, माझे हातच हलले नाहीत. मनात एकच होतं, गेली नोकरी, मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, गेली.

काही झालं नाही. माझे तेवढे फोटो निघाले आणि एकही कुठे छापला गेला नाही. ज्या रितीने त्यांना गिळलं त्याच रितीने मला वाचवलं. दुसऱ्या दिवशी संपादकसाहेब जिन्यात भेटले, हसून म्हणाले, काल उन्हात बसला होता म्हणे, तब्येत सांभाळा. आणि पुढे निघून गेले. मला काढून टाकण्याइतकंही ते घडलेलं नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते मी मंडपात बसलो त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. मी ऑफिसात पोचलो तर मोबाइलवर त्यांचा फोटो आलेला. सोबत अक्षर नाही. मावशींचा मोर्चा, कठड्यापाशी, आतून काढलेला. आवाजवाल्या मावशीचा हात कठड्याच्या दांडीवर, आणि पलीकडून तीच दांडी धरलेला एका होमगार्ड पोरीचा हात. दोन्ही हात सारखेच फाटलेले. मावशी त्या पोरीकडे बघून ओरडते आहे आणि पोरगी खाली बघते आहे. तीही रोजंदारीवर, हे नागपुरात सगळ्यांना माहीत असतं. त्या अधिवेशनातला तो सगळ्यात चांगला फोटो होता. मी आजवर पाहिलेल्या चांगल्या फोटोंपैकी एक. मी तो कुठेही न कापता पहिल्या पानावर लावला. साहेबांनीही मान डोलावली, त्यांना फोटो कळतो. मावशीचं पूर्ण नाव ओळीत टाकलं. आणि खाली, 'छाया'च्या पुढे, त्यांचं नाव टाकलं. त्या पेपरात ते नाव आलं की ज्याला कळायचं त्याला कळेल असं मला वाटलं. हा माणूस अजून फोटो काढतो, मग तो मंडपात का बसला आहे, असं कोणी तरी विचारील.

सकाळी पेपर उघडला. मावशीचं नाव होतं. फोटो अख्खा होता. खाली छापलं होतं, 'छाया : संकलित'.

फोटोग्राफर काढल्यापासून आमच्याकडे सगळे फोटो संकलितच असतात. मोबाइलवर कुठून कुठून येतात, कोणी काढले कोण बघतो? कदाचित कोणीतरी सवयीने बदललं असेल. कदाचित मुद्दाम. मी त्या रात्री पानावर काम करणाऱ्या कोणालाही विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

दोन दिवसांनी मीच मंडपापाशी गाडी थांबवली. ते बसूनच म्हणाले, "फोटो बरा छापला गा. काळा रंग जरा जास्त आला." नावाबद्दल एक शब्द नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, काही तरी येईल म्हणून. ते रस्त्याकडे बघत होते. कुठलासा मोर्चा येत होता.

अधिवेशन संपलं तसे पोलिसांनी सगळे मंडप काढायला लावले. त्यांनी चादर झटकली, घडी केली, बांबू मोपेडला बांधले आणि गेले. पुढच्या अधिवेशनाला पुन्हा आले. पुन्हा एकटे, तोच फलक. मावशींना अजून परत घेतलेलं नाही. त्यांचा मंडपही येतो, माणसं थोडी कमी होत जातात. मी अधूनमधून जाऊन बसतो, फलक धरतो, आणि आता कोणी वळूनसुद्धा बघत नाही. ऑफिसात तो माझा एक छंद समजला जातो.

ती बातमी अजून छापून आलेली नाही. एका पेपराने आपला फोटो विभाग बंद केला आणि तिथली माणसं घरी पाठवली, एवढीच ती आहे. गल्लीतल्या गणेश मंडळाची बातमीसुद्धा मी याहून मोठी लावतो. आता इथे लिहिली. पण नीट पाहिलं तर इथेही मी त्या पेपराचं नाव लिहिलेलं नाही. त्यांचं नावही लिहिलेलं नाही, कारण ते लिहिलं की पेपर कोणता ते नागपुरात कोणालाही कळेल. दुपारी मला ऑफिसला जायचं आहे.